कोणालाच न बोचणारी जागृती

दरवर्षी पावसाळा ओसरू लागला की शाळांच्या दारी एक परिपत्रक येते. पूर्वी ते टपालाने येई, आता मोबाईलवर येते; भाषा मात्र अजून टपालाचीच आहे. 'जागतिक समस्यांबाबत विद्यार्थ्यांमध्ये जनजागृती व्हावी या उदात्त हेतूने सचेतन लघुपटांची स्पर्धा आयोजित करण्यात येत आहे.' मुदत दोन मिनिटे. विषय ठरलेले : तापमानवाढ, पाणी, प्लॅस्टिक, विश्वशांती. मग अटी. त्या अटींत एक अशी असते, जी कधी चुकूनही गळत नाही : 'लघुपटात कोणतीही व्यक्ती, संस्था, उद्योग अथवा शासकीय खाते यांवर टीका असू नये.'

ही अट वाचली की माझ्यातला मराठीचा मास्तर अस्वस्थ होतो. जागृती म्हणजे झोपलेल्याला उठवणे. उठवलेला माणूस थोडा तरी कुरकुरतोच. ज्या हाकेने कोणाचीच झोपमोड होत नाही तिला आपल्या भाषेत हाक म्हणत नाहीत, अंगाई म्हणतात. आपल्या शाळांतून गेली कित्येक वर्षे मुलांकडून अशा अंगाया करून घेण्याचा उद्योग जोरात चालला आहे आणि त्याला आपण 'जागतिक भान' असे भारदस्त नाव दिले आहे.

गैरसमज नको. विद्यार्थ्यांनी लघुपट करू नयेत, त्यापेक्षा पाढे आणि व्याकरण बरे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उलट, चित्र हलवून दाखवण्याची ही कला शाळेच्या हाती आलेले फार मोठे साधन आहे असे मी मानतो. माझा राग आहे तो या साधनाचे खेळणे करणाऱ्यांवर.

अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला अनेकदा आला आहे. वाचकांपैकी जे पालक असतील त्यांनीही स्नेहसंमेलनात या चित्रफिती पाहिल्या असतील. पृथ्वीला दोन मोठे डोळे असतात. तोंडात थर्मामीटर, कपाळावर ओली पट्टी. ती रडते. बर्फाच्या तुकड्यावर एक पांढरे अस्वल उभे असते. आमच्या पंचक्रोशीत कोणी ते सर्कशीतही पाहिलेले नाही. मग एक मुलगा आणि एक मुलगी येतात, रोप लावतात, झारीने पाणी घालतात. पृथ्वी हसते. शेवटी हात जोडलेला संदेश आणि त्याखाली प्रायोजकाचे बोधचिन्ह. पृथ्वीला ताप आला आहे हे समजले. पण तो कशाने चढला, औषध कोणते, ते कोणाला कडू लागणार आणि वैद्याचे बिल कोणी भागवायचे, यांपैकी एकाही प्रश्नाला चित्रफीत हात लावत नाही. लावू दिलाच जात नाही.

आणि गंमत अशी की त्याच मुलांच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलेले होते. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांनी बेळगाव, कोल्हापूर, सांगली या तिन्ही जिल्ह्यांत काय हाहाकार केला तो आपण पाहिला आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाहिला. छपरावर बसून होडीची वाट पाहिलेला मुलगा तापमानवाढीवर चित्रफीत करतो, आणि तिच्यात अस्वल काढतो! त्याला पूर काढावासा वाटत नाही असे नाही. पण पूर काढायचा म्हटला की धरणे आली, नदीपात्रातली बांधकामे आली, अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटर असावी की ५२४.२५६, हा दोन राज्यांमधला वाद आला. म्हणजे टीका आली. अस्वल कोणत्याच राज्याचे नसते, त्याला मतदानाचा हक्क नसतो आणि ते हरकतही घेत नाही. सुरक्षित प्राणी!

आता एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. ती खूप लांबची आणि जुनी आहे. पण विद्यार्थ्याने जगाच्या प्रश्नावर लघुपट करणे म्हणजे काय, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील कलाशाळेत नॉर्मन मॅक्लॅरेन नावाचा मुलगा १९३२ साली दाखल झाला. जन्म १९१४ चा. विषय अंतर्गत सजावट. म्हणजे खुर्च्या, पडदे आणि भिंतींचे रंग. त्याला वेड लागले सिनेमाचे. कॅमेरा नव्हता. तेव्हा त्याने एक झिजलेली जुनी फिल्म मिळवली, पाण्यात भिजवून तिच्यावरचा थर उतरवला आणि कोऱ्या झालेल्या पट्टीवर एकेका चौकटीत शाईने थेट चित्रे काढली. 'साधने नाहीत' या सबबीला यापेक्षा सणसणीत उत्तर मला ठाऊक नाही. (आपल्याकडे त्याच्याही वीस-पंचवीस वर्षे आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, पडद्यावर तो क्षणात वाढताना दाखवला होता आणि त्याच्या जोरावर भांडवल उभे केले होते. हे आपण अभिमानाने सांगतो. त्यातली चिकाटी मात्र शिकवत नाही.)

१९३६ साली मॅक्लॅरेनने हेलन बिगर या आपल्याहून पाच वर्षांनी मोठ्या शिल्पकार मैत्रिणीबरोबर एक मूकपट केला. नाव 'हेल अनलिमिटेड'. इंग्रजी कंपन्यांच्या नावापुढे 'लिमिटेड' लावतात. यांनी नरकाची अमर्याद जबाबदारीची कंपनी काढली. सुमारे पंधरा मिनिटांचा हा पट. त्यात बाहुल्या आहेत, हलणारे नकाशे आणि आलेख आहेत, पहिल्या महायुद्धाच्या वृत्तपटांचे तुकडे आहेत. सामान्य करदात्याचा पैसा कोणत्या वाटेने शस्त्रांच्या कारखानदाराच्या खिशात जातो आणि त्या बदल्यात करदात्याला काय मिळते, हे त्यांनी गणितासारखे मांडून दाखवले. शेवटी 'शांतता राखा' असे म्हणून ते थांबले नाहीत. काय करायचे तेही सांगितले : आपल्या खासदाराला पत्र लिहा, त्याने भागले नाही तर सभा भरवा, मोर्चे काढा, तेही वाया गेले तर सगळ्यांनी मिळून असहकार करा.

या पटाचा काळ आणि स्थळ ध्यानात घ्या. खाजगी कारखान्यांनी शस्त्रे बनवावीत की नाही, याची चौकशी करणारा शाही आयोग त्याच सुमारास, १९३५-३६ मध्ये, ब्रिटनमध्ये बसला होता. म्हणजे विषय हवेतला नव्हता. आणि ग्लासगो म्हणजे क्लाइड नदीकाठचे, जहाजे बांधणारे शहर. मंदीने तिथल्या गोद्या ओस पडल्या होत्या. युद्धनौकेची मागणी आली की शेकडो घरांत चूल पेटणार होती. त्या शहरात बसून बावीस वर्षांचा पोरगा शस्त्रांच्या धंद्याविरुद्ध बोलत होता. शेजारच्याच्या भाकरीविरुद्ध बोलत होता, असेही कोणी म्हणू शकले असते. पांढऱ्या अस्वलाचा मार्ग त्यालाही मोकळा होता.

एक बारकावा सांगण्याजोगा आहे. चित्रपटगृहात चालणारी ३५ मिलिमीटरची फिल्म तेव्हा ज्वालाग्राही असे, म्हणून तिच्या खेळांवर १९०९ च्या कायद्याचा परवाना आणि त्या वाटेने सेन्सॉर बसलेला होता. १६ मिलिमीटरची फिल्म सहसा पेट घेत नसे. ती त्या कायद्याच्या कचाट्यात येत नसे. ज्यांना काही बोचणारे दाखवायचे होते त्या मंडळींनी नेमकी हीच पट्टी हाती धरली. 'हेल अनलिमिटेड' याच पट्टीवरचा. कोणत्याही सभागृहात, लहानशा यंत्रावर, पांढरा पडदा टांगून तो दाखवता येई. कोणाला दाखवायचे आणि कुठे, याचा विचार करणाऱ्यांच्या आधीच झालेला होता. आमच्या परिपत्रकांतल्या लघुपटांचा प्रेक्षक कोण? परीक्षक. तिघे. चहा आणि नारळ घेऊन ते घरी जातात, आणि जागृती संपते.

इथे एक जाणता वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, "मुख्याध्यापक महाशय, हा तुमचा मॅक्लॅरेन तर डाव्या पक्षाचा कार्यकर्ता होता. हा प्रचारपट झाला. आणि त्याचे म्हणणे तरी कुठे बरोबर ठरले? तीन वर्षांत हिटलर दारात आला. तेव्हा ते शस्त्रांचे कारखाने नसते तर काय झाले असते?"

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तो विद्यार्थिदशेत कम्युनिस्ट पक्षात होता, १९३५ साली रशियाही पाहून आला होता. १९३९ नंतरच्या इतिहासाने त्याच्या त्या पटातला निष्कर्ष पुष्कळसा खोडून काढला, असेही म्हणता येईल. पण जरा थांबून विचार करा. 'खोडून काढला' असे आपण म्हणू शकतो, कारण त्याने काहीतरी ठाम म्हटले होते. 'पृथ्वी वाचवा' हे वाक्य कोणी खोडून दाखवावे! ते खोटे ठरण्याची सोयच नाही. म्हणून ते खरे ठरण्याचीही नाही. वर्गात आपण मुलांना विधान आणि उद्गार यांतला फरक शिकवतो. विधान तपासता येते, उद्गार नुसता काढता येतो. आपण मुलांकडून दोन मिनिटांचे उद्गार काढून घेतो आणि त्यांना 'विचार' म्हणून गुण देतो.

चुकण्याची भीती वाटत असेल तर त्यावर उपाय अभ्यास हा आहे, मौन हा नाही. आणि मॅक्लॅरेनने आपले म्हणणे पडताळायचे टाळले असेही नाही. त्याच १९३६ साली यादवी युद्धाने पेटलेल्या स्पेनमध्ये तो कॅमेरा घेऊन गेला आणि माद्रिदच्या बचावावरील माहितीपटासाठी चित्रण करून आला. युद्ध आकृत्यांत मांडणाऱ्याने युद्ध डोळ्यांनी पाहिले. पुढे १९४९-५० मध्ये युनेस्कोने त्याला चीनमध्ये पाठवले. खेड्यांतल्या आरोग्यशिक्षणासाठी साधी चित्रे आणि चित्रपट्ट्या कशा कराव्यात, हे तो तिथल्या कलावंतांना शिकवत होता. तो तिथे असतानाच त्या देशात राज्यक्रांती झाली. नंतर याच कामासाठी तो भारतातही येऊन गेला. असो, त्याचे चरित्र सांगायचे नाही.

पण त्याचा एक पट आपल्या सीमाभागात दाखवायलाच हवा. चीनहून तो कॅनडात परतला, कोरियाचे युद्ध पेटले, आणि १९५२ साली त्याने 'नेबर्स' म्हणजे 'शेजारी' हा आठ मिनिटांचा पट केला. दोन शेजारी अंगणात खुर्च्या टाकून वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. एकाच्या पत्रात मथळा आहे, युद्ध झाले नाही तर शांतता निश्चित. दुसऱ्याच्या पत्रात, शांतता झाली नाही तर युद्ध निश्चित. दोन अंगणांच्या मधोमध एक फूल उगवते. दोघेही त्याच्या वासाने वेडे होतात. मग फूल कोणाच्या बाजूला? कुंपण घातले जाते, कुंपणाच्या फळ्यांच्या तलवारी होतात, फूल पायाखाली केव्हाच चिरडले जाते, आणि दोघे एकमेकांना मारून टाकतात. दोन थडगी, आणि प्रत्येकावर एकेक फूल. चित्रे काढण्याऐवजी जिवंत माणसांनाच एकेका चौकटीसाठी उभे करून त्याने हा खेळ केला. पात्रांच्या तोंडी शब्द नाही. सीमा, कुंपण आणि मधले फूल यांचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मराठी घरातही नाही आणि पलीकडच्या कन्नड घरातही नाही.

या पटाला १९५३ साली ऑस्कर मिळाले. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे ते नव्हे. मूळ पटात दोघे शेजारी एकमेकांच्या बायकामुलांनाही मारतात. हा तुकडा अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या प्रेक्षकांना सोसणार नाही म्हणून मॅक्लॅरेनला तो कापावा लागला. पुढे व्हिएतनामच्या युद्धाने लोकमत बदलले, तेव्हा तो पुन्हा जोडावा अशी मागणी त्याच्याकडे आली. कात्री कुठे चालली पाहा. फुलावर चालली नाही, कुंपणावर चालली नाही. युद्धात खरोखर कोण मरते, हे जिथे दाखवले होते तिथे चालली.

कात्री सगळीकडे एकच जागा शोधते. आमच्या शाळेतली गोष्ट सांगतो. नावे कोणाचीच घेत नाही.

नववीतल्या एका मुलीने 'जलप्रदूषण' या विषयावर चित्रफीत केली. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून मासे केले, निळ्या साडीच्या तुकड्याची नदी केली, पुस्तकांच्या दोन ढिगांवर फळी ठेवून वडिलांचा मोबाईल बांधला, आणि मासा तसूतसू सरकवत एकेक फोटो घेतला. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. एक चित्र दोनदा वापरले तरी दोन मिनिटांना १४४० चित्रे लागतात. तिने त्याच्या निम्मीच काढली, म्हणून मासे जरा उड्या मारत चालतात. ते मला आवडले. हा सगळा खटाटोप दिवाळीच्या सुट्टीत चालला होता. पण खरा अभ्यास त्याच्या आधी झाला. तिने नदीकाठच्या भोई मंडळींना विचारले, मासे कधी मरतात? उत्तर आले, कारखान्याचे गाळप सुरू झाले की. कारखान्यात कामाला असलेल्या काकांना तिने विचारले. विज्ञानाच्या शिक्षकांकडून समजून घेतले की मळीसारखे सेंद्रिय द्रव्य पाण्यात गेले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. हिवाळ्यात नदीचे पाणी उतरू लागले की हा त्रास वाढतो. याच शिक्षकांनी तिला हेही सांगितले की गावच्या सांडपाण्यानेही नेमके हेच होते. तेव्हा तिने दुसरे गटार काढले. ते आमच्याच गल्लीतून येते. चित्रफितीच्या शेवटी माशापासून मागे मागे जात दोन वाटा दिसतात : एक आमच्या घरांकडे आणि एक उंच धुराड्याकडे. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये एकच प्रश्न : गाळप सुरू झाल्यावर मासे का मरतात?

तिचे वडील त्याच कारखान्याला ऊस घालतात. हे लिहिलेच पाहिजे. त्या घरात या चित्रफितीवरून दोन दिवस अबोला होता आणि मग वडिलांनीच मोबाईल पुन्हा दिला, असे मला कळले.

स्पर्धेच्या कचेरीतून फोन आला. बोलणारे गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलले. "सर, मुलगी हुशार आहे. तेवढे धुराडे काढून टाका, पहिला नंबर आपलाच समजा." मी विचारले, "आणि गल्लीतले गटार?" "ते राहू द्या, ते छान आहे. स्वच्छतेचा संदेश जातो." म्हणजे गरिबाच्या गटारावर टीका चालते, टीका म्हणून ती मोजलीच जात नाही. मी निरोप मुलीला जसाच्या तसा सांगितला, कारण चित्रफीत तिची होती. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, धुराडे काढले तर मासे कशाने मेले म्हणून दाखवू?"

प्रवेशिका आम्ही मागे घेतली.

यावर माझ्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की मुलांना या भानगडीत ओढू नये. त्यांचे वय नाही. दहावी तोंडावर आली आहे. वयाचा मुद्दा मी मानतो. म्हणूनच मुलाच्या मागे शाळेने उभे राहायचे असते. चित्रफितीवर मुलाचे एकट्याचे नाव न घालता शाळेचे नाव घालावे, माहिती शिक्षकांनी तपासावी, पालकांना आधी दाखवावी. ज्याच्यावर ठपका येतो त्याचे म्हणणेही मुलाने विचारलेले असावे. एवढे केले तर भानगड उरत नाही, अभ्यास उरतो. पण हे कष्ट शाळेला पडतात, आणि अस्वलाला काहीच कष्ट पडत नाहीत.

नाव घेणे हाच एक मार्ग आहे असेही मी म्हणत नाही. लाउएनश्टाइन या जर्मन जुळ्या भावांनी विद्यार्थी असताना १९८९ साली 'बॅलन्स' नावाचा बाहुलीपट केला आणि त्यालाही ऑस्कर मिळाले. अधांतरी तरंगणारी एक फळी. तीवर पाच माणसे. एक हलला की फळी कलंडते, म्हणून इतरांना तोलून हलावे लागते. एक जण खालून पेटी ओढून वर काढतो. पेटीच्या लोभाने एकेक जण ढकलला जातो. शेवटी फळीच्या एका टोकाला पेटी आणि दुसऱ्या टोकाला एकटा उरलेला माणूस. जागचा हलला तर दोघेही पडणार. यात कोणत्या देशाचे, कारखान्याचे, पुढाऱ्याचे नाव नाही. तरी हे विधान आहे, आणि त्याच्याशी भांडता येते. आठवीच्या वर्गाला मी तो दाखवला तेव्हा अर्धा तास भांडण झाले. एक मुलगा शेवटपर्यंत म्हणत होता की चूक पेटी वर ओढणाऱ्याची नाही, आधीच लहान फळीवर पाच जणांना ठेवणाऱ्याची आहे. तो प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

बडोद्याच्या वाचकांना आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. त्यांच्या ललितकला विद्याशाखेत आणि पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेले इशू पटेल कॅनडात गेले आणि १९७७ साली त्यांनी नुसते मणी मांडून 'बीड गेम' केला. एका मण्यापासून जीव, जीवाला खाणारा जीव, मग माणूस, मग त्याची हत्यारे, थेट अणूपर्यंत, साडेपाच मिनिटांत. आपल्या घराघरांत तोरणे आणि रुखवताच्या वस्तू करणाऱ्या आयाबहिणींकडे मण्यांचे डबे पडून आहेत. साधन नाही, असे कोणी म्हणू नये.

आता तर साधनांचा सुकाळ इतका झाला आहे की नवेच संकट उभे आहे. मोबाईलला एक वाक्य सांगितले की तो रडणारी पृथ्वी आपोआप काढून देतो, अश्रूंसकट. मला त्या यंत्राचा राग नाही. राग याचा, की आमच्या स्पर्धांना हवे होते ते त्याने मुलांहून चांगले करून दाखवले आणि तरी आम्हाला शरम वाटली नाही. चौदाशे चित्रे हाताने काढताना मुलाला प्रत्येक चित्रापाशी ठरवावे लागते की मासा इथे का मेला. त्या ठरवण्यात शिक्षण आहे. विजया मुळे यांनी १९७४ साली केलेला 'एक अनेक और एकता' आजही चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना तोंडपाठ आहे. तो लहान मुलांसाठी आहे, गोड आहे. पण त्यात चिमण्या जाळे घेऊन उडतात ते उंदीर मित्रांपर्यंत पोहोचतात आणि जाळे कुरतडले जाते, म्हणजे करणी आहे. नुसते 'एकजूट ठेवा' म्हणून तो थांबला असता तर कोणाच्या लक्षात राहिला असता?

तेव्हा यंदाचे परिपत्रक आले तेव्हा मी उत्तर लिहिले, आणि त्याच्या प्रती भागातल्या मराठी आणि कन्नड, दोन्ही माध्यमांच्या मुख्याध्यापकांना दिल्या. मागण्या फार नाहीत. टीकेची अट काढा. तिच्या जागी 'विधानाला आधार दाखवावा' ही अट घाला. विषय जगाचा असो, पुरावा पंचक्रोशीतला असावा. ज्याच्यावर ठपका येतो त्याला उत्तराची संधी द्या. बक्षीस परीक्षकांच्या खोलीत न ठरवता चावडीवर चित्रफीत दाखवून, लोकांचे प्रश्न झाल्यावर द्या. कन्नड शाळेतल्या तिघा मुख्याध्यापकांनी सही केली, मराठीतल्या दोघांनी. बाकीच्यांनी 'वरून काय येते ते पाहू' असे सांगितले.

त्या मुलीची चित्रफीत आम्ही गेल्या फेब्रुवारीत शाळेच्या भिंतीवर चुना मारून दाखवली. दोन्ही भाषांची माणसे आली होती. कारखान्यातली चार-पाच जणही मागे उभी होती. संपल्यावर त्यांच्यातले एक वयस्क कामगार पुढे आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "तंगी, चित्र चुकले आहे. धुराड्यातून धूर जातो. पाणी जाते ते मागच्या बाजूच्या नळाने, आणि त्याच्या आधी शुद्धीकरणाचे हौद आहेत. ते तू दाखवलेच नाहीस." भिंतीपाशी एकदम गलका झाला. हौद आहेत की नाहीत, ते रोज चालतात की पाहुणे आल्यावर चालतात, यावर रात्री अकरापर्यंत माणसे बोलत होती. ऊस घालणारे बोलले, भोई बोलले. मुलगी वहीत लिहून घेत होती.

तिने हौद कापून ठेवले आहेत. पण न पाहता चिकटवणार नाही म्हणते. शाळेच्या पत्रावर आम्ही कारखान्याकडे हौद पाहण्याची परवानगी मागितली आहे, एक शिक्षक आणि चार विद्यार्थी. गाळप सुरू होण्याच्या आत पाहायला मिळाले तर बरे. अजून उत्तर आलेले नाही.